फळ्यावरचे ग्रीक

फळा माझ्याकडे आला तो काकांच्या खांद्यामुळे.

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत शिरलं की डाव्या हाताला, मीटरच्या पेट्यांशेजारी, एक काळा फळा आहे. वरच्या अर्ध्या भागात सूचना असतात. टाकी धुणार, दहा ते चार पाणी बंद, गच्चीची चावी ज्यांनी नेली असेल त्यांनी कृपया आणून द्यावी. खालच्या अर्ध्या भागात सुविचार. हा खालचा भाग दुसऱ्या मजल्यावरचे काका वीस-बावीस वर्षं रोज सकाळी लिहायचे. एका फेब्रुवारीत ते स्टुलावरून पडले, उजव्या खांद्याचं हाड मोडलं आणि डॉक्टरांनी हात वर उचलायला बंदी केली. मी सोसायटीची सेक्रेटरी, सूचना माझ्याच हातच्या. तेव्हा खालचा भागही माझ्या गळ्यात पडला.

"वरचं लिहिताच, खालचंही लिहा," चेअरमन म्हणाले. "दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचंच होतं. त्या दोन मिनिटांत मी अठरा वर्षांची मैत्री जवळजवळ घालवली. ती परत मिळाली ती काकांमुळे आणि दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या काही ग्रीक म्हाताऱ्यांमुळे. त्यांचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

काका मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडली, घरात बसवेना, म्हणून परळच्या एका वाचनालयात जाऊन बसायचे. कादंबऱ्या सगळ्या वाचून संपल्यावर कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्यांना एक जाडजूड मराठी पुस्तक सापडलं. पहिली पानं गायब, शेवटची वाळवीनं खाल्लेली. मधलं सगळं प्राचीन ग्रीसमधल्या विचारवंतांबद्दल होतं. माणसानं कसं जगावं, राग आला तर काय करावं, मरणाला किती भ्यावं. काकांनी ते तीन वेळा वाचलं. नाव शेवटपर्यंत कळलं नाही. आतल्या माणसांची नावंही त्यांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी त्यांना आपली नावं दिली. जो गुलाम होता आणि एका पायानं अधू होता तो लंगडा. जो मोठ्या मडक्यात राहायचा तो रांजणवाला. बाजारात उभा राहून लोकांना प्रश्न विचारून हैराण करायचा आणि शेवटी ज्याला विष प्यायला लावलं तो प्रश्नवाला. मित्र जमवून बागेत साधं खाऊन राहणारा तो बागवाला. आणि एक बादशा. तो रोमचा, पण लिहायचा ग्रीक भाषेत, म्हणून काकांनी त्यालाही ग्रीकांत घेतला.

या सगळ्यांचं काकांनी आपल्या शब्दांत एका दोनशेपानी वहीत उतरवून ठेवलं होतं. पुढे ते गोरेगावच्या एका कारखान्यात वॉचमन झाले, बोरिवलीत घर घेतलं, काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेली. वही राहिली. फळ्यावर यायचं ते सगळं त्या वहीतलं. बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांची समजूत होती की हे कुठल्यातरी संतांचं आहे. काकांनी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

वही त्यांनी मला दिली तेव्हा म्हणाले, "जपून हां."

"फाडणार नाही हो."

"वयी नाय गो. लिवताना जपून."

मला वाटलं, अक्षराबद्दल बोलताहेत.

पहिल्या आठवड्यात मी लिहिलं, पोट थोडक्यात भरतं, जीभ भरत नाही. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांच्याकडे दिवसाआड बिर्याणीचं पार्सल येतं, मला जिन्यात गाठून म्हणाले, "मॅडम, डायरेक्ट बोला ना. फळ्यावर कशाला?" दुसऱ्या आठवड्यात रागावर लिहिलं, तर चेअरमननी विचारलं, "मागच्या मीटिंगबद्दल आहे का हे?" कमी बोलण्याबद्दल लिहिलं तेव्हा तळमजल्यावरच्या बाई दोन दिवस माझ्याशी अवाक्षर बोलल्या नाहीत, म्हणजे विचार त्यांना लागू पडला म्हणायचा. घरी नवरा म्हणाला, "आता झोपण्याबद्दल काही लिहू नकोस, मला खाली जायची लाज वाटेल."

मी हसायचे. सोसायटीत कुठलाही शब्द लिहा, सोळा घरांपैकी एकाला तो आपल्यावरच वाटतो, हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं काकांनी लिहिलं तेव्हा असं कोणाला का वाटलं नाही, हा प्रश्न मात्र मला पडला नाही.

माझी मैत्रीण पहिल्या मजल्यावर राहायची. कांदिवलीच्या एका शाळेत ती शिक्षिका आहे. आम्ही रोज सकाळी सहाला हायवे ओलांडून नॅशनल पार्कात फिरायला जायचो. वर्षाचा पास, पायात बूट, हातात माकडांसाठी एक काठी. जाताना घरचं बोलायचं, येताना नोकरीचं, असा अलिखित नियम होता. मी अंधेरीला औषधांच्या पॅकिंगच्या कंपनीत सुपरवायझर आहे, तेव्हा माझं नोकरीचं बोलणं पाच मिनिटांत संपायचं. लेबल बरोबर आहे की नाही, यावर किती बोलणार? उरलेला रस्ता तिचा.

त्या वर्षी तिच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होणार होती. ज्येष्ठता यादीत ती पहिली. वरच्या साहेबांनी तोंडी सांगितलं, "बाई, सोमवारी ऑर्डर निघेल." तिनं शनिवारीच पेढे वाटले. सोळाही घरांत, वॉचमनला, इस्त्रीवाल्याला, खालच्या दूधवाल्याला. मी म्हटलंसुद्धा, "अगं, कागद हातात येऊ दे." ती म्हणाली, "तू ना, बारशाला जाऊनसुद्धा मूल मोजून घेशील."

सोमवारी ऑर्डर निघाली. दुसऱ्या बाईंच्या नावाची, यादीत तिच्याहून सहा जागा खाली असलेल्या.

त्यानंतर दोन महिने नॅशनल पार्कात मी फक्त ती ऑर्डर ऐकली. कोणी कोणाला फोन केला, कोणाची मावशी कोणाच्या ओळखीची, स्टाफरूममध्ये कोण कसं हसलं. रोज तेच, त्याच क्रमानं. त्या मधल्या काळात तिच्या घरी दुसरीही गोष्ट घडत होती. त्यांनी वसईला मोठी जागा घेतली होती आणि मेअखेर ते बिल्डिंग सोडून जाणार होते. पण त्यावर ती बोलायची नाही आणि मीही काढायचे नाही.

एप्रिलमधल्या एका सकाळी पार्कातल्या पुलावर ती रडली. पेढ्यांचा विषय निघाला होता. मी म्हटलं, "जाऊ दे ना आता." ती म्हणाली, "तुझं काय जातं जाऊ दे म्हणायला?" आम्ही गप्पच परत आलो. दुसऱ्या दिवशी रविवार, फिरणं बंद. मी सकाळी वही घेऊन खाली गेले, पानं उलटली आणि लिहिलं:

मान आणि पद दुसऱ्याच्या हातात असतं. ते मिळालं नाही म्हणून रडणारा माणूस आपलं सुख दुसऱ्याच्या खिशात ठेवतो.

लंगड्याचा विचार, काकांचे शब्द, माझं अक्षर. हात झटकले आणि वर आले.

दहा वाजता बेल वाजली. दारात ती. आत आली नाही.

"वाचलं," ती म्हणाली. "छान आहे. दूध आणायला गेले होते, तळमजल्यावरची मला विचारते, ‘टीचर, आजचा विचार वाचलात का?’ अख्खी बिल्डिंग वाचतेय. पेढे खाल्लेत ना सगळ्यांनी, विषय कळायला वेळ नाही लागला."

"अगं, ते तुझ्याबद्दल नाहीये! काकांच्या वहीत आहे. दाखवू का?"

"दोनशे पानं आहेत ना वहीत?"

एवढं बोलून ती गेली.

सोमवारी सकाळी मी खाली उतरले तर ती आधीच निघून गेलेली. पार्कात दिसली, माझ्या पंचवीस पावलं पुढे. मंगळवारी मी लवकर निघाले, तर ती पंचवीस पावलं मागे. वेळ बदलायला दोघीही तयार नव्हतो. पास दोघींचेही होते आणि माघार घ्यायची सवय एकीलाही नाही. असे जवळजवळ चार आठवडे गेले. एकच रस्ता, एकच पूल, मध्ये पंचवीस पावलं. एकदा एका माकडानं तिच्या हातातली पिशवी ओढली, तेव्हा मी धावले, पण मी पोचेपर्यंत तिनं पिशवी सोडवली होती आणि माझ्याकडे न बघता ती पुढे गेली.

मी समेटाचा प्रयत्न केला नाही असं नाही. तिच्या घरी गेले आणि म्हटलं, "तुझा गैरसमज झालाय." तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं?" मी परत आले. फोनवर मोठा मेसेज लिहिला, त्यातही गैरसमज हा शब्द दोनदा होता. तिनं अंगठा पाठवला. शाळेत तीस वर्षं मुलांच्या थापा ऐकलेली बाई, ती अशी बधणार थोडीच.

मग मी काकांकडे गेले, खरं सांगायचं तर तक्रार घेऊन. तुमच्या वहीनं माझं भांडण लावलं, असा माझा सूर होता.

काका खिडकीजवळ बसले होते, हात गळ्यातल्या झोळीत. सगळं ऐकलं. मग म्हणाले, "बस हंय. माका एक सांग. एवढी वर्षां मी फळो लिवलंय. कोणाक लागलो?"

"नाही. तेच तर म्हणते. मी लिहिलं की लगेच."

"कित्याक नाय लागलो?"

"तुम्ही वयानं मोठे, म्हणून."

"वयाचा काय संबंध? ह्या बिल्डिंगीत म्हाताऱ्यांचा कोण ऐकता?" ते हसले. मग नीट बसून, बऱ्यापैकी पुणेरी मराठीत, जशी ते महत्त्वाचं सांगताना बोलायचे, म्हणाले, "मी दुसऱ्यासाठी एक दिवस लिहिलं नाही. आदल्या दिवशी मला ज्याची गरज पडली, ते सकाळी लिहायचं. मुलीवर ओरडलो, तर रागाचं. शेजाऱ्याची गाडी बघून पोटात दुखलं, तर रांजणवाल्याचं. तुझी काकू गेली तेव्हा महिनाभर मरणाचं लिहीत होतो, आठवतं? लोकांना वाटलं, म्हातारा खचला. खचलो नव्हतो, औषध घेत होतो. ज्याचं औषध त्यानं घेतलं तर कोणाला कडू लागत नाही."

ते खिडकीबाहेर बघत पुढे म्हणाले,

"तो बादशा आहे ना, त्यानं जे लिहिलं ते सगळं स्वतःला लिहिलं. तू असं कर, तू तसं करू नको. तू म्हणजे तो स्वतः. एवढं मोठं राज्य, पण लिहिताना समोर दुसरा माणूस धरला नाही." आणि मग मालवणीवर घसरत, "बादशा असान दुसऱ्याक उपदेश केल्यान नाय. आनि तू सोसायटीची सेक्रेटरी!"

"हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलंय की. जपून म्हटलंय." मग म्हणाले, "आता माका सांग. त्या दिवशी फळ्यासमोर उभी होतीस, तेव्हा डोळ्यापुढे कोण होतं?"

"कोणी नाही. वही उघडली, समोर आलं ते लिहिलं."

"बरं. चाय टाक. चाय होईपर्यंत आठव."

काकांच्या स्वयंपाकघरात सगळं एका माणसाच्या मापाचं आहे. एक पातेलं, एक गाळणं, दोन कप. मी पाणी ठेवलं, आलं ठेचलं. आठवायला लागले. वही उघडली होती, पण समोर आलं होतं ते शेजाऱ्याशी कसं वागावं याबद्दलचं पान. ते मी उलटलं. पुढचं पान झोपेबद्दल, तेही उलटलं. मग मागे गेले. मग अजून मागे. मी शोधत होते. पद हा शब्द शोधत होते. तो सापडला तेव्हा मला बरं वाटलं होतं, अगदी पॅकिंग लाइनवर चुकीचं लेबल पकडल्यावर वाटतं तसं. आणि लिहून झाल्यावर मी दोन पावलं मागे जाऊन ते पहिल्या मजल्याच्या जिन्यावरून दिसतं का, हे पाहिलं होतं.

चहा घेऊन बाहेर आले. काकांनी कप डाव्या हातात घेतला, बशीत थोडा सांडला.

"फळ्यावर माफी लिहू का?" मी विचारलं.

"कित्याक? पुन्यांदा लोकांका वाचूक? तिका जाऊन सांग."

"काय सांगू?"

"तां माका काय म्हायत? प्रश्नवालो असतो तर त्यान तुका विचारल्यान असता, तू असा कित्याक केलंस? कंटाळलंस म्हणान? कंटाळलेलो माणूस जांभई देता. टोमणो मारूक आणखी काहीतरी लागता."

त्या आणखी काहीतरीसाठी मला तीन दिवस लागले. ऑफिसला जाता-येता, कुकर लावताना, लेबलांच्या शीट तपासताना मी स्वतःला तोच प्रश्न विचारत होते. अशा कामाची मला सवय नाही. बिघाड झाला की दुरुस्त करायचा, कोणाच्या मनात काय होतं ते बघत बसायचं नाही, असा माझा शिरस्ता. यात मात्र बिघाड कुठे आहे तेच कळल्याशिवाय दुरुस्ती होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सापडलं. नऊ वर्षांपूर्वी आमच्या कंपनीनं मला वापीच्या युनिटला मॅनेजर म्हणून पाठवायचं ठरवलं होतं. मुलगी दहावीत, सासूबाईंचं दुखणं. मी नाही म्हटलं. सगळ्यांना सांगितलं, मला नकोच होतं, कोण करणार ती डोकेदुखी. इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते पटलं. खरं तर मला ते फार हवं होतं. आणि ही बाई, माझी मैत्रीण, तिला जे हवं होतं ते ती उघड म्हणत होती. मिळायच्या आधी पेढे वाटत होती, न मिळाल्यावर पुलावर उभी राहून रडत होती. मला जे करता आलं नाही ते ती रोज सकाळी सहा वाजता माझ्या कानाशी करत होती. राग त्याचा होता. तो विचार, दुसऱ्याच्या खिशातल्या सुखाचा, माझ्यावर जसाच्या तसा बसत होता. मी तो उचलून तिच्या दारात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पार्कात ती नेहमीसारखी पुढे होती. मी वेग वाढवला.

"थांब जरा."

"थांबले की गुडघा धरतो. चालता चालता बोल."

"तो विचार मी तुझ्यासाठीच लिहिला होता."

ती थांबली. गुडघ्याचं काय झालं कोण जाणे.

"म्हणजे?"

"म्हणजे गैरसमज वगैरे काही नव्हता. तुला बरोबर समजलं. मी वहीत शोधून शोधून काढला. जिन्यातून दिसतो का तेही पाहिलं."

"जिन्यातून!"

"हो."

 बाजूनं कारल्याचा रस पिऊन आलेले दोन आजोबा आम्हाला वळसा घालून गेले.

"कंटाळली होतीस तर सांगायचंस ना," ती म्हणाली. "तोंडावर म्हणायचंस, बाई, पुरे. मी गप्प बसले असते."

"बसली नसतीस."

"नसते बसले. भांडले असते. पण इथं, माकडांसमोर. त्या तळमजल्यावरच्या बाईसमोर नाही."

"चुकलं माझं."

"चुकलंच."

"अजून एक आहे," मी म्हटलं, आणि वापीचं सांगितलं. दोन-चार वाक्यांत, जसं वर लिहिलं तसं. जास्त सांगायला जमलं नसतं.

मला वाटलं होतं, हे ऐकून ती विरघळेल. उलट तिचा चेहरा पहिल्यांदा खऱ्या अर्थानं उतरला.

"तू मला म्हणाली होतीस की नकोच होतं. मी स्टाफरूममध्ये तुझं उदाहरण द्यायचे. सांगायचे, माझी एक मैत्रीण आहे, तिला कशाचा मोह नाही. अगं, मी पेढे वाटल्यावर मला लाज कोणाची वाटली सांगू? तुझी. की ही किती समजूतदार आणि मी किती हावरी."

मी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"फळ्यापेक्षा हे वाईट आहे," ती म्हणाली. "नऊ वर्षं रोज माझ्याबरोबर चालतेस आणि एवढं सांगितलं नाहीस." आणि ती चालू लागली. मी मागे राहिले. या वेळी पंचवीस पावलांहून जास्त.

मी तेव्हा काकांवर थोडी चिडले होते, हे कबूल करते. खरं बोललं की सुटतं, असं त्यांनी सांगितलं नव्हतं, पण मी धरून चालले होते. त्यांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, "सुटण्यासाठी बोललंस काय तू? मगे तां पण व्यापारच झालो."

बिल्डिंगमध्ये एव्हाना लोक विचारायला लागले होते, सुविचार बंद का? मी लिहिणं थांबवलं होतं. बिर्याणीवाले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, चुकल्यासारखं वाटतं. निदान कळायचं तरी कोणाबद्दल काय चाललंय." मी म्हटलं, खडू संपलेत.

आठवडा गेला. मेचा तिसरा आठवडा, रविवार दुपार. बेल वाजली. ती. केसांना फडकं बांधलेलं, हाताला धूळ.

"जुनी वर्तमानपत्रं आहेत का?"

"आहेत."

"घेऊन ये. काचेची भांडी गुंडाळायचीत. आणि तूही ये. माझ्या नवऱ्यानं एक बरणी आधीच फोडलीय."

मी गेले. चार तास आम्ही कप, बरण्या, बशा कागदात गुंडाळल्या. पहिला तास कामाखेरीज काही बोललो नाही. मग तिनं विचारलं, "वापीला क्वार्टर्स देणार होते का गं?"

"दोन खोल्यांची. मागे आंब्याचं झाड होतं. मी जाऊन बघून आले होते."

"एकटी?"

"एकटी. घरी सांगितलं, मीटिंग आहे."

"शाबास," ती म्हणाली आणि पुढची बशी माझ्या हातात दिली. "नीट गुंडाळ. तुझ्या अक्षरासारखं नको."

ते मेअखेर वसईला गेले. टेम्पो निघाला तेव्हा आम्ही रडलो नाही. टेम्पोवाला फ्रिज आडवा ठेवायला निघाला होता आणि दोघी मिळून त्याच्यावर ओरडत होतो.

फळा मी पुन्हा लिहायला लागले, काकांच्या नियमानं. आदल्या दिवशी जे मला लागलं तेच. त्यामुळे फळा आठवड्यातून दोन-तीन दिवस कोराच राहतो, कारण रोज स्वतःकडे इतकं बघायला मला जमत नाही. जे लिहिते ते फारसं कोणाला टोचत नाही. एकदा तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "हल्ली तुम्ही स्वतःवर लिहिता वाटतं." त्यांना कसं कळलं, मला माहीत नाही. त्या वाटतात त्यापेक्षा हुशार आहेत, हे मला त्या दिवशी कळलं, आणि दुसऱ्या दिवशीचा विचार त्यावर झाला.

काकांचा खांदा बरा झाला आहे. फळा ते परत मागत नाहीत. मी वही परत द्यायला गेले होते तर म्हणाले, "माका पाठ आसा. तुका नाय." त्यांना मी कधी आभार म्हटलं नाही. त्यांच्याकडे म्हणायची पद्धत नाही, माझ्याकडेही नाही. रविवारी जाऊन चहा टाकते. ग्रीकांचे मानायचे तर कुठे? एक गुलाम, एक बादशा, एक मडक्यात राहणारा, त्यांनी आपापल्या गावात आपापली अडचण सोडवली. ती वाळवी लागलेल्या पुस्तकातून एका बेकार गिरणी कामगारापर्यंत पोचली, आणि त्याच्याकडून माझ्यापर्यंत, जिला ती सगळ्यात उशिरा समजली. इतक्या हातांतून गेलेली गोष्ट आपल्याला फुकट मिळते, याचं मला अजून नवल वाटतं.

यंदा जूनमध्ये तिच्या शाळेत ती जागा पुन्हा रिकामी झाली. या वेळी पेढे नव्हते. पण मला माहीत होतं की तिला हवी आहे, कारण तिनं मला सांगितलं होतं, आणि मीही सांगितलं होतं की तुला मिळावी असं मला फार वाटतं. मिळाली नाही. बाहेरून कोणीतरी आणलं.

तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून घरी येऊन चपला काढत होते. तशीच दारातल्या खुर्चीवर बसले. ती चाळीस मिनिटं बोलली. साहेब, यादी, स्टाफरूम, कोणाची मावशी. त्याच क्रमानं. वही समोर टेबलावर होती. मी ती उघडली नाही. मधेमधे हं म्हणत होते.

शेवटी ती म्हणाली, "काहीतरी बोल ना गं."

मी म्हटलं, "फार वाईट झालं."

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "झालंच. थांब, गॅस बारीक करून येते. अजून संपलं नाहीये."